मानशीचे दार कोण राखतो?

गेल्या महिन्यात मुलगी शाळेतून निबंधाचा विषय घेऊन आली. 'कृत्रिम बुद्धिमत्ता : शाप की वरदान'. मला हसू आले. १९९० च्या आसपास मी सहावीत होतो तेव्हा आम्हाला 'विज्ञान : शाप की वरदान' असायचा. नंतरच्या मुलांनी दूरदर्शनवर लिहिला, मग संगणकावर, मग मोबाईलवर. शीर्षक बदलत गेले, निबंध तोच राहिला. पहिल्या परिच्छेदात वीज, रेल्वे आणि शस्त्रक्रिया. दुसऱ्यात हिरोशिमा आणि भोपाळ. शेवटी 'विज्ञान हे दुधारी शस्त्र आहे' असे लिहिले की दहापैकी सहा गुण ठरलेले.

मी कला शाखेचा पदवीधर, त्यातून सरकारी कारकून. विज्ञानावर मत देण्याचा माझा अधिकार कोणी विचारला तर मी गप्पच बसेन. पण मुलीचा निबंध तपासताना एक गोष्ट खटकली. या निबंधात कर्ता नेहमी विज्ञानच असतो. विज्ञानाने हे दिले, विज्ञानाने ते नेले. माणूस आलाच तर फक्त घेणारा किंवा मरणारा. यंत्राला तेल घालणारा, फळी कुजली का पाहणारा, रात्री उठून कंदील घेऊन जाणारा माणूस त्यात कुठेच नाही. माझ्या मते सगळी गोष्ट त्याचीच आहे. हे मी पुस्तकात वाचलेले नाही. आमच्या गावच्या खाजनात पाहिलेले आहे.

खाजन म्हणजे काय हे गोव्यातल्या वाचकाला सांगायला नको, पण फ्लॅटमध्ये वाढलेल्या मुलांना आता सांगावे लागते. मांडवी, जुवारी आणि इतर नद्यांच्या मुखाकडच्या भागात भरतीचे खारे पाणी पार आत येते. त्या पाण्याखाली जाणारी सखल जमीन आपल्या पूर्वजांनी मातीचे बांध घालून मिळवली. गोव्यात अशी जमीन सुमारे १८ हजार हेक्टर असल्याचे सांगितले जाते. पोर्तुगीज आले तेव्हा हे बांध इथे होतेच. बांधाच्या आत भात, आतल्या खाडीत म्हणजे पोंयीत मासळी, काही ठिकाणी उन्हाळ्यात मीठ. पावसाळ्यात आपल्याकडे तीन हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तो जमिनीतला खार धुऊन काढतो आणि मग कोरगूट, आसगो यांसारखी खार सोसणारी भाते उभी राहतात.

या सगळ्याचे मर्म म्हणजे मानस. बांधात जांभ्या दगडाचे बांधकाम आणि त्यात लाकडी दारे. ओहोटी लागली की आतले पाणी दार ढकलून नदीत जाते. भरती आली की बाहेरचे पाणी तेच दार दाबून बंद करते. दिवसातून दोन भरत्या, दोन ओहोट्या. मोटर नाही, वीज नाही, बटण नाही. आज कोणी असे यंत्र नव्याने काढले तर त्याला बक्षीस मिळेल. आपण त्याला 'परंपरा' म्हणतो आणि वस्तुसंग्रहालयात पाठवतो. खरे तर ते तंत्रज्ञान आहे. समुद्राच्या पाण्याचा दाब, चंद्राची गती आणि लाकडाचा स्वभाव या तिन्हींचा हिशेब त्यात आहे.

पण हे यंत्र 'आपोआप' चालते असे म्हणणे अर्धे खरे आहे. फळ्या कुजतात. दाराला कालवे चिकटतात. एखादा ओंडका वाहत येऊन मध्ये अडकला की दार मिटत नाही आणि मिटले नाही की भरतीचे पाणी सरळ शेतात. बांधाला कुर्ल्या बिळे पाडतात. आज बोटभर असलेले बीळ उधाणाच्या रात्री हातभर होते आणि पहाटेपर्यंत बांध फुटतो. खारे पाणी आत शिरून साचले की ती जमीन निदान एक-दोन पावसाळे भाताच्या कामाची राहत नाही. म्हणून अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला कोणीतरी बांधावरून चालत जाऊन पाहायचे असते. मानस हे यंत्र आहे, पण त्या यंत्राचा सगळ्यात महत्त्वाचा सुटा भाग म्हणजे हा चालणारा माणूस.

पूर्वी हा माणूस कोण, याचे उत्तर गावकरीकडे होते. जमीन गावकरीची, ती पावणी करून कसायला दिली जाई, मानशीतल्या मासळीचीही पावणी होई. त्या पैशातून बांधाचा खर्च आणि उरलेल्यातून गावकारांना झोण. बांध फुटला तर ज्यांची शेते आत आहेत त्या सगळ्यांनी धावायचे, असा दंडक होता. मी गावकरीचा पोवाडा गात नाही. झोण घेणारे वेगळे आणि चिखलात उभे राहणारे वेगळे होते, हे मी लहानपणापासून ऐकत आलो. माझे वडील कूळ होते. गावकरीच्या हिशेबाच्या वहीत आमचे नाव फक्त देणेकऱ्यांच्या बाजूला येई.

मुक्तीनंतर १९६४ साली कूळ कायदा आला. १९७६ च्या पाचव्या दुरुस्तीने कसेल त्याची जमीन झाली आणि आमचे तीन कुणगे आमच्या नावावर लागले. त्या दिवसाबद्दल वडील बोलत तेव्हा त्यांचा आवाज बदलत असे. तो कायदा न्यायाचा होता आणि आजही मी तसेच म्हणेन. पण एक गोष्ट राहून गेली. जमीन वाटता आली, मानस वाटता येईना. तीन कुणगे माझे, पाच शेजाऱ्याचे, पण दार सगळ्यांचे. सगळ्यांचे म्हणजे हळूहळू कोणाचेच नाही. कायदा करणाऱ्यांना हे दिसले नव्हते असे नाही. १९७५ साली कुळांच्या सामुदायिक जबाबदारीचे नियम झाले, गावोगाव कुळांच्या संघटना झाल्या, मामलेदाराकडे त्यांची देखरेख आली. कागदावर सगळे नीट होते.

आमच्या गावात २००७ च्या पावसाळ्यात मानशीचे एक दार मिटेनासे झाले. आठ-दहा दिवस ते तसेच होते. ज्याने मासळीची पावणी घेतली होती त्याला ते सोयीचेच होते, कारण भरतीचे पाणी जितके आत, तितकी मासळी जास्त. संघटनेच्या मंडळींनी बैठक बोलावली, गणपूर्ती झाली नाही. तरुण मंडळी बहुतेक नोकरीला, मीही त्यातलाच. शनिवारी बघू असे म्हणालो. शनिवारच्या आधी उधाण आले आणि मानशीशेजारचा बांध बसला. मग अर्ज, पाहणी, अंदाजपत्रक, मंजुरी, निविदा. बांध पुन्हा उभा राहिला तेव्हा दोन पावसाळे गेले होते, आणि शेत न करण्याची सवय लागायला दोन पावसाळे पुरतात. चूक कोणाची हे मी नोकरीतल्या सवयीने कागद लावून पाहिले. प्रत्येक कागद आपल्या जागी बरोबर होता. दोष द्यायचाच तर त्यात त्या शनिवारचा मीही येतो. आज आमच्या तिन्ही कुणग्यांत पाणी आणि खारफुटी आहे.

ऑफिसात माझ्यासमोर कॉम्प्युटर असतो. जमिनीचा एक-चौदाचा उतारा आता घरबसल्या मिळतो. ही साधी गोष्ट नाही. एका उताऱ्यासाठी तीन खेपा घालणारी म्हातारी माणसे मी पाहिली आहेत. त्या उताऱ्यात लागवडीच्या जमिनीचे प्रकार असतात : भात, बागायत, खाजन, केर, मोरड. एकदा एक वृद्ध शेतकरी उतारा हातात घेऊन माझ्या टेबलासमोर बराच वेळ उभा राहिला आणि म्हणाला, ''बाबा, तुमच्या कॉम्प्युटरार म्हजें शेत आसा, पूण शेतांत भात ना.'' मी त्याला कुठल्या खिडकीवर जायचे ते सांगितले. दुसरे काय सांगणार? उताऱ्यात खाजनाला रकाना आहे. खाजन राखणाऱ्याला नाही.

आता कोणी म्हणेल, मग दोष उद्योगाचा. खनिज वाहणाऱ्या बार्जींच्या लाटांनी मांडवी-जुवारीचे बांध झिजवले, ही तक्रार आपण कित्येक वर्षे ऐकली आणि ती खोटी नव्हती. पण २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने खाणकाम थांबवले, २०१८ साली ८८ लीजांचे नूतनीकरण रद्द झाले, काही काळ नद्या शांत होत्या. त्या शांततेत बांध आपोआप उभे राहिले नाहीत. २०२२ पासून खाणींचे नवे लिलाव सुरू झाले. आता पुन्हा तोच प्रश्न : लाट काढणाऱ्याने बांधाचे काय देणे लागते, आणि ते वसूल कोण करणार? लाट मोजणारे यंत्र मिळेल. वसूल करणारा माणूस नेमावा लागेल.

बाहेरचे लोक आपल्याला विकासविरोधी म्हणतात. फोंडा तालुक्यातल्या केरीचा नायलॉन ६,६ चा प्रकल्प आपण हाकलला, १९९५ साली त्या आंदोलनात एका तरुणाचा पोलिसांच्या गोळीने जीव गेला. २००७ संपता संपता सेझचे धोरण सरकारला गुंडाळावे लागले. हा विरोध विज्ञानाला होता असे मला वाटत नाही. लोक विचारत होते ते साधे होते : पाणी कुठून घेणार, घाण कुठे सोडणार, आणि काही बिघडले तर रात्री दोन वाजता दार कोणाचे ठोठावायचे? भोपाळमध्ये १९८४ साली सुरक्षेची यंत्रणा नव्हती असे नाही. ती होती, पण बंद किंवा नादुरुस्त पडली होती. आमच्या शाळेच्या निबंधात भोपाळ 'विज्ञानाचा शाप' म्हणून येई. ज्यांनी ती यंत्रणा बंद पडू दिली ते त्या एका शब्दात सुखरूप सुटत असत.

आणि विज्ञान हात वर करून बसले आहे असेही नाही. जुने गोवे येथील केंद्रीय तटीय कृषी संशोधन संस्थेने आपल्या कोरगुटातूनच निवड करून खार सोसणाऱ्या 'गोवा धान' या जाती काढल्या. आजोबांच्या कणगीतले बी प्रयोगशाळेतून जाऊन जास्त उत्पन्न देणारे होऊन परत आले, ही मला फार आवडणारी गोष्ट आहे. जुने आणि नवे यांचे भांडण लावणाऱ्यांनी ती लक्षात ठेवावी. पण बी कितीही गुणी असले तरी कायम भरतीच्या पाण्याखाली असलेल्या शेतात ते काय करील? खार सोसणारे भात बनवता येते. बेपर्वाई सोसणारे भात अजून निघालेले नाही.

समुद्राची पातळी वाढत आहे हे आता शास्त्रज्ञ एकमताने सांगतात. खाजने तर मुळातच भरतीच्या रेषेखाली. बांध गेले तर नुसते भात जाणार नाही, बांधामागची घरे आणि गोड्या पाण्याच्या विहिरीही जातील. म्हणून कारकुनी बुद्धीला सुचणाऱ्या दोन गोष्टी सांगतो. एक, मानशीच्या पावणीचा पैसा आधी त्याच मानशीच्या आणि बांधाच्या दुरुस्तीला लागला पाहिजे, आणि त्याचा हिशेब पंचायतीच्या फळ्यावर लागला पाहिजे. दोन, प्रत्येक मानशीला पगारी राखणदार हवा. पंपावर माणूस नेमतो तसाच, नाव आणि फोन नंबरासकट. पाहिजे तर त्याला भरतीची वेळ सांगणारा मोबाईल द्या, बांधावर कॅमेरा लावा. माझी काही हरकत नाही. फक्त कॅमेऱ्यात दिसलेले बीळ बुजवायला कोण जाणार, हे आधी लिहून ठेवा.

मुलीला मी तिचा निबंध बदलायला लावला नाही. गुण तिचे आहेत. फक्त शेवटच्या वाक्याआधी एक प्रश्न घालायला सांगितला : हे यंत्र बिघडले तर ते कोणाला कळेल, आणि कोण उठून जाईल? तिने विचारले, ''बाबा, ह्याचं उत्तर काय लिहू?'' मी म्हटले, उत्तर नको लिहूस, रविवारी माझ्याबरोबर बांधावर चल.

आम्ही गेलो. दार अर्धे उघडे होते आणि भरती लागायला तासभर अवकाश होता. दाराच्या फटीत माडाची चुडते अडकली होती. दोघांनी ओढून ती काढली. हात बरेच चिखलाने भरले, आणि पाणी चढू लागले तसे दार मिटले. आमच्या कुणग्यांना आता त्याचा उपयोग नाही. पण त्याच मानशीच्या आत अजून चार घरांचे भात उभे आहे.