अर्ध्या ओळीचे कोटेशन

‘आय५, १६ जीबी रॅम, ५१२ एसएसडी, २० इंची मॉनिटर, कीबोर्ड-माउससह’ आणि पुढे रक्कम. घरचा पहिला कॉम्प्युटर घेणाऱ्यांना दुकानातून मिळालेल्या कोटेशनांचे फोटो वाचक या मासिकाकडे पाठवत असतात. अलीकडच्या बहुतेक फोटोंत मजकूर एवढाच असतो. आय५ कितव्या पिढीचा? बोर्डाचा चिपसेट कोणता? रॅम डीडीआर३ की डीडीआर४? एसएमपीएस कोणाचा? यातल्या कशाचाच कागदावर पत्ता नाही. सही-शिक्का मात्र ठसठशीत.

निमित्त रॅमचे आहे. २०२५ च्या उत्तरार्धात सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तिघांचा कल एआय डेटा सेंटरांना लागणाऱ्या मेमरीकडे झुकला आणि किरकोळ बाजारात डीडीआर४, डीडीआर५ दोन्हींचे भाव भडकले. कित्येक किट दुपटीच्या वर गेले. डिसेंबरात मायक्रॉनने ‘क्रूशल’ हा आपला ग्राहकांसाठीचा ब्रँडच गुंडाळत असल्याचे जाहीर केले. डिस्ट्रिब्युटरचा सकाळचा भाव संध्याकाळी मिळेना. गिऱ्हाइकाचे बजेट मात्र होते तिथेच राहिले. ३०-३५ हजारांत घरगुती मशीन बसवून देणाऱ्यांची यात खरोखर कोंडी झाली, हे मान्यच. तिच्यातून काहींनी शोधलेली पळवाट मान्य करता येणार नाही.

ती पळवाट म्हणजे एच६१.

हा चिपसेट २०११ चा. इंटेलने तो कधीच बंद केला. तरी कोऱ्या खोक्यात, चकचकीत पीसीबीवर, वर एक एनव्हीएमई स्लॉट बसवून एच६१ चे बोर्ड आजही ‘नवे’ म्हणून येतात. त्यावर आय५-२४०० किंवा आय५-३४७० चढतो. हे प्रोसेसर २०११-१२ चे, म्हणजे कुठल्यातरी कंपनीच्या भंगारात निघालेल्या मशीनमधून काढलेले, हे आपल्या दुकानातल्या पोऱ्यालाही ठाऊक असते. रॅम डीडीआर३. तीही पारखून घेतली नाही तर फक्त एएमडी बोर्डांवर चालणारी कांडी गळ्यात पडते आणि इंटेलवर नो डिस्प्ले. चिपसेटची साटा पोर्ट ३ जीबीपीएसची, एनव्हीएमईचा स्लॉट पीसीआयई २.० च्या लेनवर. एवढा संसार जमवला की गिऱ्हाइकाला सांगायचे, ‘आय५ आहे, आय३ कशाला घेता?’

तो आय३ म्हणजे १२१००. २०२२ चा, चार कोअर, आठ थ्रेड. ३४७० ला कोअर तेवढेच आणि थ्रेडही चारच. दोघांत दहा वर्षांचे अंतर आहे आणि ते सिंगल थ्रेडमध्ये लख्ख दिसते. अकरावीतल्या मुलाच्या बापाला हे माहीत नसते, म्हणून तर तो दुकानात येतो. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी इंटेलची आठवी पिढी आणि टीपीएम २.० लागते. एच६१ वर ते पळवाटेने बसवता येते आणि आपली मंडळी बसवूनही देतात. पण अशा मशीनला पुढच्या आवृत्त्या आपोआप मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. हे कोटेशनवर लिहिलेले एक तरी दुकान दाखवावे.

वापरलेला माल विकणे गुन्हा नाही. तुटपुंज्या बजेटात एखाद्याला जुना ऑफिस डेस्कटॉप सांगून-सवरून देणे हा प्रामाणिक धंदा आहे आणि तो कित्येक जण करतात. मात्र ग्राहक संरक्षण कायदा २०१९ ज्याला अनुचित व्यापार प्रथा म्हणतो, त्यात जुना, वापरलेला किंवा दुरुस्त केलेला माल नवा म्हणून खपवणे स्पष्ट शब्दांत येते. बिल न देणेही येते. कच्च्या बिलावर ‘कॉम्प्युटर सेट १ नग’ लिहून दिलेल्यांनी हे दोनदा वाचावे.

यात सरकारी कार्यालये आणि शाळा यांचा हातभार मोठा. छोट्या खरेदीसाठी तीन दरपत्रके मागवायची, तुलनात्मक तक्ता करायचा आणि सर्वांत कमी दर मंजूर करायचा, ही पद्धत आपल्याला पाठ आहे. अडचण अशी की मागणीपत्रातच ‘आय५ किंवा त्याहून उच्च’ एवढेच लिहिलेले असते. पिढी नाही, चिपसेट नाही, डीडीआर नाही. बाराव्या पिढीचा आय५-१२४०० देणारा प्रामाणिक दुकानदार तक्त्यात तिसरा येतो, तिसऱ्या पिढीचा ३४७० देणारा पहिला. लेखापरीक्षणात आक्षेप निघत नाही, कारण कागदावर दोन्ही ‘आय५’च. १२१०० सुचवायला जावे तर उत्तर ठरलेले: ‘आय३ चालणार नाही, मागणीत आय५ आहे.’ मागणीपत्र कुठल्यातरी जुन्या फाइलवरून उतरवलेले असते. ते बदलण्यासाठी टिपणी कोणी लिहायची, हा प्रश्न टेबलावरून टेबलावर फिरत राहतो आणि लॅबमध्ये आलेली मशीन मुले ताटकळत वापरतात. घरगुती गिऱ्हाईक हेच पाहून शिकते. तेही तीन दुकाने फिरते, तीन कागद शेजारी ठेवते आणि खालची रक्कम वाचते. त्याच्या घरातला तक्ता कार्यालयातल्या तक्त्याइतकाच आंधळा असतो, आणि तो आंधळा ठेवणारा कागद आपणच दिलेला असतो.

दुसरी तक्रार बायोसची. इथे दोष दुकानांपेक्षा वरच्यांचा अधिक. २०२२ मध्ये आलेला एच६१० चा बोर्ड गोदामात पडून राहतो, त्यावर चौदाव्या पिढीचा आय३-१४१०० चढवला की पंखा फिरतो, पडदा काळा. बी४५० च्या जुन्या स्टॉकवर रायझन ५५०० किंवा ५६००जी लावले तरी हीच गत. बायोस चढवायचा तर आधी जुना प्रोसेसर लागतो, कारण बजेट बोर्डांपैकी थोड्यांनाच फ्लॅशबॅकचे बटण असते. मुंबई-पुण्यातल्या दुकानाला सर्व्हिस सेंटर गाठता येते. परभणी, गडचिरोली किंवा सावंतवाडीच्या असेंबलरने काय करायचे? बोर्ड कुरिअरने पाठवायचा. काही दिवसांनी तो ‘नो फॉल्ट फाउंड’ म्हणून परत येतो, किंवा पिन वाकली म्हणून सीआयडीच्या, म्हणजे ग्राहकाकडून झालेल्या नुकसानीच्या, शेऱ्यासह. सॉकेटचे झाकण फेकून दिले असेल तर विषयच संपला. डिस्ट्रिब्युटरांनी माल सोडण्याआधी खोक्यावर बायोसची आवृत्ती ठळक छापण्याची सक्ती कंपन्यांवर केली असती तर यातले निम्मे कुरिअर वाचले असते. व्यापारी संघटनांच्या वार्षिक सभांत हा ठराव का येत नाही? त्यांना स्नेहभोजनाचा मेनू ठरवायला वेळ मिळतो.

तोवर उपाय आपल्याच हाती आहे. बेंचवर एलजीए १७०० साठी एक आय३-१२१००, एएम४ साठी एक रायझन ३२००जी आणि सीएच३४१ए प्रोग्रामर ठेवावा. हा खर्च एकदाच होतो. गिऱ्हाइकाच्या घरी मशीन पोचल्यावर नो डिस्प्लेचा फोन येण्यापेक्षा तो स्वस्त पडतो.

रॅम महागल्यामुळे आणखी एक चूक वाढली आहे. घरातली जुनी डीडीआर४ कांडी वाचवायची म्हणून गिऱ्हाईक ती घेऊन येते. एच६१० आणि बी७६० चे बोर्ड डीडीआर४ आणि डीडीआर५ अशा दोन्ही प्रकारांत येतात, नाव जवळपास सारखे, शेवटी एखाद्या ‘डी४’ चा फरक. खाच जुळत नाही, कांडी बसत नाही, आणि मग बोर्ड बदलून देण्यावरून काउंटरवर भांडण. एएम५ ला तर डीडीआर४ चा मार्गच नाही. आजच्या भावात बोर्डाच्या नावातली ही दोन अक्षरे कोटेशनवर नसतील तर ते कोटेशन अपुरे समजावे. ५६००जी सोबत एकच आठची कांडी देणाऱ्यांनीही गिऱ्हाइकाला आधीच सांगावे की सिंगल चॅनेलवर त्याच्या वेगा ग्राफिक्सचा दम अर्ध्यावर येतो. दुसरा स्लॉट मोकळा आहे, भाव उतरले की भरा, हे लिहून द्यायला काय हरकत आहे?

‘एफ’ प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड नाही, ही चूक तर अजूनही घडते, याचे नवल वाटते. १२४००एफ थोडा स्वस्त पडतो म्हणून लावला, एचडीएमआय बोर्डाला जोडली, पडदा काळा. मग तोडगा म्हणून जीटी ७३० बसवायचे, तेही ‘४ जीबी ग्राफिक कार्ड’ म्हणून. त्या कार्डाची डीडीआर३ आवृत्ती १२४०० च्या आतल्या यूएचडी ७३० पुढेही फारशी टिकत नाही.

एसएमपीएसबद्दल या पानावर इतक्यांदा लिहून झाले आहे की थोडक्यात आटपते घेऊ. कॅबिनेटसोबत फुकट आलेल्या ‘४५० वॅट’ च्या लेबलवर १२ व्होल्टला १६ अँपिअर लिहिले असेल तर तिथे मिळतात १९२ वॅट. आय५-१२४००एफ टर्बोत ११७ वॅटपर्यंत जातो, आरटीएक्स ३०५० चे आठ जीबीचे कार्ड १३० मागते. बेरीज ज्याची त्याने करावी. वर ६०० व्हीएचा यूपीएस जोडायचा, त्यातून निघणार ३६० वॅट. एका ब्रँडच्या मॉड्युलर एसएमपीएसची केबल दुसऱ्याला लावून एसएसडी जाळणारेही आहेत. आणि एलजीए ११५५ किंवा १२०० चा जुना कूलर १७०० वर ओढूनताणून बसवू नये: भोकांमधले अंतर ७५ वरून ७८ मिलिमीटर झाले आहे.

आता विनंती, आणि ती थोडी कडक आहे. दहावी-बारावीचे निकाल लागले की पहिल्या कॉम्प्युटरचे गिऱ्हाईक दारात उभे राहील. त्याआधी प्रत्येक दुकानाने आपला कोटेशनचा छापील नमुना बदलावा. प्रोसेसरचे पूर्ण नाव, शेवटच्या अक्षरासह, आणि तो बॉक्स पीस की ट्रे. बोर्डाचे पूर्ण मॉडेल आणि त्यावर आज चढवलेली बायोस आवृत्ती. रॅमचा प्रकार, वेग, कांड्या किती, स्लॉट मोकळे किती. एसएसडी साटा की एनव्हीएमई. एसएमपीएसचा मेक, मॉडेल आणि १२ व्होल्टचे अँपिअर. प्रत्येक भागापुढे वॉरंटी, आणि ती कंपनीची की दुकानाची. दर किती दिवस चालेल तेही, म्हणजे रॅमच्या भावावरून वाद होणार नाही. शाळांना दरपत्रक देताना हेच रकाने असलेला कागद द्यावा आणि मागणीपत्रात पिढी लिहून घेतल्याशिवाय दर भरू नये. गावातल्या तिन्ही दुकानांनी हे ठरवले तर मुख्याध्यापकांना टिपणी लिहावीच लागेल.

ज्यांच्या कपाटात एच६१ ची खोकी पडून आहेत, त्यांनी ती विकावीत. बिलावर ‘प्रोसेसर वापरलेला, २०१२ चा, विंडोज ११ साठी अधिकृत नाही’ असे लिहून विकावीत, आणि त्या भावाला ती घेणारे गिऱ्हाईक मिळते का ते पाहावे.