शिफारसपत्र मागायला लाज कसली?

गेल्या महिन्यात आमच्या वस्तीतली एक मुलगी संध्याकाळी घरी आली. अर्थशास्त्रात एम.ए., पहिला वर्ग. वडील महानगरपालिकेत सफाई कामगार. परदेशात पुढचे शिक्षण घ्यायचे तिने मनावर घेतले आहे. अर्ज तयार होता, पण घोडे एका ठिकाणी अडले होते.

"काका, प्राध्यापकांची तीन शिफारसपत्रं लागतात. मागायचा धीर होत नाही."

"का ग?"

"एका सरांना विचारलं. ते म्हणाले, तुम्हाला सवलती मिळतातच, पत्र कशाला हवं? तेव्हापासून कुणाच्या दारात जावंसं वाटत नाही."

वडीलही तिला म्हणत होते, "मोठ्या माणसांना कशाला त्रास द्यायचा?"

वाचकहो, आम्ही कारकुनी करणारी माणसे. कचेरीत अनुभवाचा दाखला कोणताही साहेब आपण होऊन देत नाही. अर्ज केला तर मिळतो. तो दाखला म्हणजे दान नव्हे, केलेल्या कामाची नोंद आहे. शिफारसपत्रही तसेच. विद्यार्थ्याने अभ्यास केला, शिक्षकाने तो पाहिला, एवढेच त्यात लिहायचे असते.

1916 साली बाबासाहेब न्यूयॉर्कहून लंडनला निघाले, तेव्हा कोलंबिया विद्यापीठाचे प्राध्यापक एडविन सेलिग्मन यांनी सिडनी वेब यांच्या नावे त्यांना परिचयपत्र दिले होते. पुढे 1925 साली बाबासाहेबांचा प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा ग्रंथ निघाला, त्यालाही सेलिग्मन यांचीच प्रस्तावना आहे. बाबासाहेबांची विद्वत्ता त्या पत्रातून आली नाही. पण शिक्षकाचा शब्द घेण्यात त्यांनी कमीपणा मानला नाही. मग आपल्या मुलांनी का मानावा?

त्या मुलीला आम्ही सांगितले ते सर्वांच्या उपयोगाचे आहे. मोठ्या हुद्द्याच्या माणसामागे धावू नये. ज्यांनी आपला प्रकल्प तपासला, वर्गात आपले प्रश्न ऐकले, त्यांच्याकडे जावे. शेवटच्या तारखेच्या निदान सहा आठवडे आधी जावे. जाताना गुणपत्रिका, प्रकल्पाची प्रत, कुठल्या विद्यापीठात काय शिकायचे याचा एक कागद आणि शेवटची तारीख ठळक लिहून न्यावी. विचारावे असे : "मॅडम, माझ्या कामाबद्दल तुम्हाला चांगलं लिहिता येईल का?" आढेवेढे घेतले तर नमस्कार करून दुसरे दार पाहावे. नाइलाजाने लिहिलेले पत्र अर्जाचे नुकसानच करते.

काही जण म्हणतात, "तूच लिहून आण, मी सही करतो." तेव्हा नम्रपणे मुद्दे लिहून द्यावेत, पण पत्र त्यांनाच लिहायची विनंती करावी. आता बहुतेक परदेशी विद्यापीठे शिक्षकांच्या ई-मेलवरच दुवा पाठवतात आणि पत्र तिकडून परस्पर जाते. म्हणून शिक्षकांचा कॉलेजचा ई-मेल अचूक भरावा. आठवडाभर आधी एकदा आठवण करावी आणि काम झाल्यावर आभार मानायला विसरू नये.

आपल्या मुलांसाठी शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. पण त्यासाठी विद्यापीठाचा प्रवेश हातात लागतो आणि प्रवेशासाठी ही पत्रे लागतात. एका कागदापायी सगळी वाट बंद होते.

ती मुलगी मग प्रकल्प तपासलेल्या मॅडमकडे गेली. त्यांनी प्रकल्पाची प्रत ठेवून घेतली आणि आठ दिवसांत पत्र पाठवले. आणखी दोघांची पत्रेही मुदतीत गेली. निकाल अजून यायचा आहे. काय लागायचा तो लागो, अर्ज पुरा गेला.

आईवडिलांना एवढेच सांगणे : पोरांना "त्रास देऊ नकोस" म्हणू नका. "जा, विचार," म्हणा. धीर होत नसेल तर कॉलेजच्या फाटकापर्यंत सोबत जा.