सुदानमधील कॉलरा: युद्ध आणि साथ यांचा संबंध काय?

कॉलरा म्हणजे पटकी. वेळेवर उपचार मिळाल्यास या आजारात शंभरातला एकही रुग्ण सहसा दगावत नाही. तरीही सुदानमध्ये जुलै २०२४ पासून वर्षभरात सुमारे १ लाख संशयित रुग्ण आढळले आणि २,४०० हून अधिक जणांचा मृत्यू झाला. असे का झाले?

साथ कशी पसरली?

कॉलऱ्याचे जिवाणू दूषित पाण्यातून व अन्नातून पोटात जातात. सुदानमध्ये एप्रिल २०२३ पासून लष्कर आणि निमलष्करी दल ‘आरएसएफ’ यांच्यात युद्ध सुरू आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये कोस्ती शहराजवळच्या वीज केंद्रावर हल्ला झाला. वीज गेल्याने पाण्याचे पंप बंद पडले. लोकांना नदीचे अशुद्ध पाणी प्यावे लागले आणि काही दिवसांतच साथ भडकली. मे महिन्यात खार्टूम परिसरातही असेच घडले.

स्थलांतरामुळे धोका का वाढतो?

संसर्ग झालेल्या अनेकांना काहीच त्रास होत नाही, पण त्यांच्या शौचातून १ ते १० दिवस जिवाणू बाहेर पडतात. जीव वाचवण्यासाठी पळालेली माणसे नकळत आजार सोबत नेतात. दारफुरमधील तविला येथे लाखो विस्थापित आले. तिथे पुरेसे पाणी नाही, शौचालये नाहीत.

मृत्यू टाळता येतात का?

हो. तीव्र कॉलऱ्यात काही तासांत शरीरातील पाणी व क्षार निघून जातात. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत सलाईन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी रुग्णांना मीठ, ग्लुकोज व खाण्याचा सोडा घातलेले पाणी पाजले. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांखाली आले. हीच जलसंजीवनी, म्हणजे ओआरएस. सुदानमध्ये औषध माहीत नाही असे नाही. युद्धामुळे ते आणि शुद्ध पाणी वेळेत पोहोचत नाही.

आपण काय लक्षात ठेवावे?

पाण्यासारखे जुलाब सुरू होताच ओआरएस द्या. पाकिटावर लिहिले असेल तेवढ्याच, उकळून गार केलेल्या पाण्यात ते मिसळा. उलटी झाली तरी थोड्या वेळाने घोट घोट पाजत राहा. बाळाचे स्तनपान थांबवू नका. डोळे खोल गेले, लघवी कमी झाली किंवा सुस्ती आली, तर रुग्णाला लगेच रुग्णालयात न्या. वाटेतही ओआरएस चालू ठेवा.