आधी विषय लिहा!

आज जरा कडू बोलणार आहे. कुणाला लागलेच तर लागू दे.

गोव्यात मराठीतून लेख लिहिणारे कमी नाहीत. रविवारची पुरवणी उघडा नाहीतर दिवाळी अंक. ‘निसर्गाने मुक्तहस्ते उधळण केलेल्या या परशुरामभूमीत...’ अशी सुरुवात नसली तर मला चुकल्यासारखे होते. मग माड, मांडवी, देवळे, घुमटाचा नाद, पोर्तुगिजांची साडेचारशे वर्षे. एवढे होईपर्यंत अर्धा लेख संपतो आणि विषय बिचारा अजून वेशीबाहेर उभा!

मी सरकारी कारकून. सरकारी भाषेचे गोडवे गाण्याचे मला काही कारण नाही. ती भाषा वाईटच असते. पण फायलीतल्या टिपणीला एक शिस्त आहे, जी आमच्या लेखकरावांना नाही. कागदाच्या डोक्यावर ‘विषय’ लिहावाच लागतो. कागद कशासाठी आला आहे हे साहेबाला चार ओळींत कळले नाही तर शेरा मारून परत. वाचक शेरा मारत नाही. तो निमूट पान उलटतो आणि लेखकाला वाटते, लेख आवडला.

माटोळीचेच घ्या. दर चवथीला तिच्यावर लेख येतो. ‘माटोळी म्हणजे गोमंतकीयांच्या निसर्गप्रेमाचे प्रतीक’ हे वाक्य मी इतक्यांदा वाचले आहे की आता डोळे आपोआप त्यावरून घसरतात. अरे, पण माटोळीला काय बांधले ते सांगा ना! कवंडळ, कांगलां, आंबाडे, तोरिंग, सुपारीची शिपटां... ही नावे लिहायला लेखणी का अडते? रान तुडवून ते आणले कुणी? बाणस्तारीच्या बाजारात सत्तरीहून आलेली बाई ते कितीला विकते? आजीच्या वेळी बांधायचे आणि आज मिळत नाही असे कोणते फळ? यातल्या एकाच प्रश्नाचे नीट उत्तर दिलेत तरी लेख झाला. पण त्यासाठी बाजारात जावे लागते. तिथे उभे राहून विचारावे लागते. विशेषणे घरबसल्या मिळतात.

यावर ठरलेले उत्तर येते, ‘अहो, हे ललित आहे, बातमी नव्हे.’ बरे. धर्मानंद कोसंबी आपल्याच सांखवाळचे. 1924 साली त्यांचे ‘निवेदन’ प्रसिद्ध झाले. बुद्धाच्या धर्माच्या शोधात घर सोडून निघालेला माणूस. भारदस्त शब्द वापरण्याचा हक्क कुणाला असेल तर त्याला. पण ते कुठे गेले, काय खाल्ले, काशीत अन्नछत्रात कसे दिवस काढले, हे सरळ सांगत जातात. आज शंभर वर्षांनंतरही वाचताना कुठे ठेच लागत नाही. साधे लिहिणे म्हणजे कोरडे लिहिणे, हा समज ज्यांनी पसरवला त्यांनी कोसंबी वाचलेले नसावेत.

आणि हा केवळ आवडीनिवडीचा प्रश्न नाही हो. 1990 पासून प्राथमिक शाळांचे अनुदान मराठी-कोंकणी माध्यमासाठी होते. 2011 साली ते इंग्रजी माध्यमालाही देण्याचा निर्णय झाला. त्या वर्षी पहिलीत बसलेली पोरे आता मतदार झाली. त्यांच्यातला एखादा मराठी पान उघडतो तेव्हा त्याची परीक्षा नसते, आपली असते. त्याच्यापुढे ‘मुक्तहस्ते उधळण’ ठेवायची आणि तो निघून गेला की मराठीच्या भवितव्यावर परिसंवाद घ्यायचा! वर शाल, श्रीफळ आणि अध्यक्षीय भाषण.

प्रसिद्ध करण्याचीही आपल्याकडे गंमतच आहे. लिहून झाले की त्याच दिवशी धाडायचे. शाई वाळेपर्यंत दम नाही (आता शाई कुठली, पण सवय तीच). कागद दोन दिवस खणात ठेवा. मग घरातल्या कुणाला तरी मोठ्याने वाचून दाखवा, साहित्यिक मित्राला नको, तो ‘वा वा’ म्हणेल. ऐकणारा ज्या ओळीला कुशी बदलतो तिथे खूण करा. बहुतेक वेळा ती खूण पहिल्या परिच्छेदावरच होते. तो खोडा. लेख दुसऱ्यापासून सुरू झाला तर काही बिघडत नाही, करून बघा. शीर्षकात ‘एक चिंतन’, ‘एक दृष्टिक्षेप’ असले शेपूट लावू नका. कुणाचे नाव, साल, गावाचा वाडा लिहिला असेल तर तो त्या गावच्या माणसाकडून तपासून घ्या. आमच्याकडे एका वाड्याचे देऊळ दुसऱ्या वाड्यात नेऊन बसवणारे लेखक आहेत आणि त्यांना तसे सांगितले तर राग येतो!

वेळही पाळा. धालोंवरचा लेख पौषात मांड जागा व्हायच्या आधी आला तर एखादा वाचक उठून मांडावर जाईल. शिगम्यात आला तर तो काय करणार? माटोळीवर कुणी लिहीत असेल तर बाणस्तारीचा बाजार चवथीच्या आधीच्या दिवसांतच भरतो. पिशवी घेऊन जा, आणि वही विसरू नका.