खारूताईचे लाड

शनिवारी राहुरीला घरी गेलो, तर चिंगी मागचे पाय ओढत चाललेली. कडुनिंबावरून पडलेलं खारीचं पिल्लू, आईने जीव लावून वाढवलेलं. खुराक काय, तर शेंगदाणे नि बिस्किटं! मुक्काम खोक्यात, उन्हाचा पत्ता नाही.

"कुठंतरी पडली असेल रे," आई म्हणाली. पण शेंगदाण्यात कॅल्शियमच्या साधारण चौपट फॉस्फरस असतो. रक्तात कॅल्शियम कमी पडलं की शरीर ते हाडांतून काढून घेतं. जनावरांच्या डॉक्टरांनी कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व मोजून दिलं, दाणे बंद केले. चिंगी चालेल का, अजून सांगता येत नाही.

माझं मत विचाराल तर, पिल्लू सापडलं की आधी वनखात्याला १९२६ वर फोन करा. लाडाला हौस पुरते हो, जगवायला माहिती लागते.