चौदाव्या दिवशी कोण येतं?

सुरतेत माणूस गेलं की गुजराती वर्तमानपत्रात चौकट येते. त्यात फोटो असतो, बेसण्याची म्हणजे शोकभेटीची जागा असते, सकाळी नऊ ते अकरा अशी वेळ असते आणि पुष्कळदा शेवटी 'लौकिक व्यवहार बंद ठेवला आहे' अशी ओळ असते. उधना, लिंबायत, डिंडोलीतल्या आपल्या खानदेशी घरांनीही ही रीत उचलली आहे. पांढऱ्या कपड्यांतले लोक फोटोला फुलं वाहतात, हात जोडतात, दोन मिनिटं टेकतात आणि उठताना सांगतात, "मन घट्ट करा. कामात जीव रमवा, विसर पडेल."

सांगणाऱ्याच्या मनात खोट नसते. तरीही हा सल्ला चुकीचा आहे, आणि ज्याला तो मिळतो त्याला तो एकटं पाडतो.

आधी 'विसर पडेल' हे घेऊ. २४ मे २०१९ रोजी सरथाण्यातल्या तक्षशिला आर्केडला आग लागली. वरच्या मजल्यावरच्या क्लासमधल्या मुलांना जिन्याने खाली येता येईना, म्हणून त्यांनी उड्या टाकल्या. बावीस जीव गेले. दुसऱ्याच दिवशी बारावीचा निकाल लागला आणि गेलेल्यांपैकी काही मुली पास झाल्याचं कळलं. निकाल दरवर्षीच लागतात. शेजारच्या घरात पेढे वाटले जात असताना गेलेल्या मुलीच्या आईने काय विसरायचं? आणि का विसरायचं?

मानसशास्त्राचा हवाला देणाऱ्यांनाही मला हेच विचारायचं आहे. गेलेल्या माणसातून मन हळूहळू काढून घेतलं की शोक संपतो, अशी मांडणी फ्रॉइडने १९१७ साली केली. १९२० मध्ये त्याची मुलगी सोफी फ्लूने गेली. पुढे १९२९ साली, मुलगा गमावलेल्या बिन्सवांगर या स्नेह्याला लिहिताना त्याने कबूल केलं की ही पोकळी भरत नाही, आणि ती न भरणंच योग्य आहे. सगळीकडे सांगितल्या जाणाऱ्या 'पाच पायऱ्या' एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी १९६९ साली मांडल्या, त्या मरणाच्या दारातल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांना त्या नंतर चिकटवल्या गेल्या, आणि आज बिचारा माणूस आपण कितव्या पायरीवर अडकलो याचा हिशेब करत बसतो.

आता कामाचं. माझ्या ओळखीतला एक कारीगर बायको गेल्यावर आठवड्याच्या आत यंत्रमागाच्या खात्यावर हजर झाला. बारा तासांची पाळी, मजुरी मीटरवर. घरी बसलं की कमाई बंद. मागांच्या खडखडाटात शेजाऱ्याचं बोलणं ऐकू येत नाही. धागा तुटला की माग थांबवायचा, टोक शोधायचं, गाठ मारायची, माग पुन्हा सुरू करायचा. सगळे म्हणाले, सावरला. तो मला म्हणाला, "तिथं रडलं तरी कुणाला कळत नाही, म्हणून जातो." कामाचा आधार असतो, मी नाकारत नाही. स्ट्रोब आणि शूट या अभ्यासकांनी १९९९ साली मांडलं तेही हेच, की दुःखी माणूस दुःखाकडे आणि रोजच्या व्यवहाराकडे आलटून पालटून जात असतो. पण ही ये-जा दोन्हीकडे मोकळी हवी. आपण एकच दार उघडं ठेवलं आहे.

कुणी म्हणेल, रडारड हा मागासपणा, सुरतेच्याच नर्मद या लेखकाने त्यावर कोरडे ओढले होते. खरं आहे. 'रोवाकूटवानी घेलाई' हा निबंध त्याचाच. पण त्या काळी बायकांना चारचौघांत, घोळक्याने, रीत म्हणून छाती बडवून घ्यावी लागे. त्या सक्तीवरचा हल्ला रास्तच होता. त्याच्या आडून आज आपण न रडण्याची सक्ती आणली आहे, तिला नर्मदाचं नाव देऊ नये.

दुसऱ्या टोकाची मंडळी म्हणतात, मग जुनंच बरं, दशक्रिया आणि गंधमुक्ती रीतसर करा. त्यांच्याशीही माझं जमत नाही. याच विधींत नवरा गेलेल्या बाईचं कुंकू पुसलं, बांगड्या फोडल्या. शोकात बुडालेल्या बाईला वर अपमान! कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामसभेने मे २०२२ मध्ये ठराव करून हे बंद केलं, तेव्हा कुठे महाराष्ट्र सरकारने इतर गावांना तसं आवाहन केलं. आणि तेराव्याच्या पंगतीसाठी काढलेलं कर्ज फेडताना शोक करायला उसंत कुणाला मिळते?

जपायचं आहे ते वेगळंच. खानदेशात लोक दारावर येतात. घाई नसते. बायका गळ्यात पडून रडतात, घरात चूल पेटत नाही, भाकरी शेजारून येते, आणि गेलेल्याच्या गोष्टी निघतात; त्याच्या चुकांच्याही, त्याच्या हट्टाच्याही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांच्या नावाने घागर भरतात, म्हणजे गेलेल्याला घरात जागा असते. पाश्चात्त्य अभ्यासकांनी 'नातं चालू राहतं' हा विचार १९९६ साली पुस्तकरूपाने मांडला; आपल्या आज्या तो दर आखाजीला जगत होत्या.

हे तेराव्याला थांबू नये, एवढंच माझं म्हणणं. चौदाव्या दिवशी घर रिकामं होतं, खरी गरज तिथून सुरू होते. महिन्याने जा, पहिल्या दिवाळीला जा, गेलेल्याचं नाव घ्या. डोळ्यांत पाणी येईल म्हणून नाव टाळू नका. पाणी तुमच्यामुळे येत नाही. सहा महिन्यांनंतरही झोप, जेवण, कामधंदा काहीच रुळावर येत नसेल तर मात्र डॉक्टर गाठा. जागतिक आरोग्य संघटनेने लांबलेल्या शोकाला आजारांच्या यादीत घेतलं आहे. टेलिमानस या हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

आणि खातेमालकांनो, दहा दिवसांची भरपगारी रजा द्या. कारीगर गावी गेला की परतत नाही, ही तुमची तक्रार मी ऐकली आहे. पण ज्याला आईच्या दहाव्याला जाऊ दिलं नाही, तो कधीतरी न सांगताच निघून जातो, आणि मग त्याला कुणी परत आणू शकत नाही.