कुंभकोणमचे कूळ आणि दोन हजार रुपये

टाळेबंदी लागल्याच्या दुसऱ्याच दिवशी, २६ मार्च २०२० रोजी, केंद्र सरकारने गरीब कल्याण पॅकेज जाहीर केले. शेतकऱ्यांसाठी त्यात तरतूद होती ती अशी, की पीएम-किसानचा २००० रुपयांचा हप्ता एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सुमारे ८.७ कोटी शेतकऱ्यांच्या खात्यात जमा होईल. वर्षाला ६००० रुपये देणारी ही योजना २०१९ पासून चालूच होती. म्हणजे देणे जुनेच, फक्त लवकर दिले. तेही असो. अडचणीत वेळेवर हाती आलेल्या पैशाला मी नावे ठेवणार नाही. माझा आक्षेप तो कोणाच्या हाती आला, यावर आहे.

कुंभकोणमकडे पाहा. तंजावर मुलूख मराठी वाचकाला परका नाही; भोसल्यांचे राज्य येथे १८५५ पर्यंत होते, आणि राजवाडा देवस्थानच्या ८८ देवळांचे विश्वस्तपद त्यांच्याच घराण्याकडे राहिले. कावेरीच्या या सुपीक खोऱ्यात देवळे आणि मठ हेच मोठे जमीनदार. भात, केळी, विड्याची पाने पिकवणारा पुष्कळदा मालक नसतो. तो देवाचे कूळ असतो आणि खंड भरतो. टाळेबंदीत लग्ने थांबली, देवळे बंद झाली आणि पानाफुलांचे गिऱ्हाईकच नाहीसे झाले.

आता नियम पाहू. पीएम-किसानच्या लेखी शेतकरी म्हणजे ज्याच्या नावावर शेतजमीन आहे तो. संस्थांची मालकी असलेली जमीन वगळलेली आहे, आणि ते रास्तच आहे. पण या दोन नियमांची बेरीज काय होते? देवळाच्या शेतावर मालकाला पैसे नाहीत, कारण मालक देव. कसणाऱ्याला नाहीत, कारण तो मालक नव्हे. शेत पिकते, खंड द्यावा लागतो, मदत मात्र कोणालाच नाही.

कसणारा ओळखायचा कसा, असा प्रश्न सचिवालयातून हमखास येतो. आपल्या सातबाऱ्यात सात नंबर हक्काचा आणि बारा नंबर पीकपाण्याचा. तामिळनाडूत पट्टा हक्क सांगतो, आणि अडंगल सांगते की या हंगामात या शेतात काय उभे आहे. ते गावच्या प्रशासकीय अधिकाऱ्याकडे, म्हणजे आपल्या तलाठ्याकडे, असते. पीकविम्यासाठी हेच अडंगल चालते, सरकारी केंद्रावर भात विकायलाही चालते. शिवाय १९६१ चा सार्वजनिक न्यासांच्या शेतजमिनींचा कायदा कुळाला ओळखतो, आणि कुळांची नोंदवही ठेवणारा कायदा १९६९ पासून आहे. भात घेताना सरकारला जो माणूस दिसतो, तो दोन हजार देताना दिसेनासा होतो.

आणि एवढ्या कडक अटीने साधले काय? त्याच वर्षी तामिळनाडूत सुमारे ५.५ लाख अपात्र नावे यादीत घुसल्याचे उघड झाले. रक्कम सुमारे ११० कोटी. अधिकाऱ्यांचे पासवर्ड वापरून दलालांनी नोंदी केल्या होत्या. ज्यांच्याकडे शेतच नव्हते ते आत शिरले, आणि चिखलात उभा असलेला बाहेर राहिला.

ओडिशाच्या कालिया योजनेने वाटेकऱ्यांना सामावून घेतले. आंध्रच्या रयतू भरोसाने २०१९ मध्ये मागास, दलित, आदिवासी आणि अल्पसंख्याक कुळांना वर्षाला १३,५०० रुपये देऊ केले. तेव्हा हे प्रशासनाला जमत नाही, असे कोणी म्हणू नये. खासगी जमिनीबाबत एक भीती मी मान्य करतो : कुळाचे नाव कागदावर आले, की मालक त्याला काढून टाकतो. पण देवळाच्या जमिनीवर ही सबब चालणार नाही. तेथे मालक नांगर धरून ‘मी स्वतः कसतो’ असे सांगायला येणार नाही, आणि एकाच शेतापोटी दोघांना पैसे जाण्याचाही प्रश्न नाही, कारण मालकाला नियमानेच वगळले आहे. एवढ्या एका परिपत्रकाला कोणाची हरकत आहे, हे मला अजून कोणी सांगितलेले नाही.